शाळेचा पोतारा

सोयाबीन वाळत आलं की भर दुपारी शिवारात एक बारीक तडतड सुरू होते. शेंगा उन्हानं उकलतात, दाणा उडतो, आणि बांधावर उभं राहिलं तर वाटतं, शेजारच्या घरात कुणी फुटाणे भाजतंय. हा आवाज ऐकला की माझ्या भावाची झोप उडते. कापणी चार दिवस लांबली तर पीक घरात येण्याऐवजी मातीत जाणार, हे त्याला ठाऊक असतं. यंदा माझीही झोप उडाली आहे. माझ्या नावावर वीतभर जमीन नाही. पण गावच्या शाळेच्या भिंती माझ्यामुळे ओल्या झाल्या आहेत, आणि येत्या उन्हाळ्यापर्यंत त्या वाळल्या नाहीत तर शाळा पाडणार आहेत.

मी अकोल्याला असते. नोकरीभर हायस्कुलात मराठी शिकवलं, निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसांना होतो तो आजार मलाही झाला. गावासाठी काहीतरी करावं असं वाटू लागलं. रिसोडहून जीपनं निघालं की रिठदच्या अलीकडे आमचा फाटा येतो. फाट्यावर उतरून आत चालत आलं, की गावाचं पहिलं काही दिसत असेल तर ते शाळेचं लाल कौलारू छप्पर. लहानपणी ते दिसलं की पावलं हळू पडायची, कारण पाढे पाठ झालेले नसायचे. पुढे सासरहून येताना ते दिसलं की हायसं वाटायचं, माहेर आलं. आता पुन्हा पावलं हळू पडतात.

शाळा म्हणजे एकच खोली. गावात तेव्हा सगळी घरं मातीची होती, गढी मातीची, देऊळ तेवढं दगडाचं. भाजक्या विटेची अशी ही एकटीच. माझे आजोबा सांगत, त्यांच्या वडिलांच्या पिढीनं नाल्याकाठी भट्टी लावली, घरटी एक माणूस चिखल तुडवायला गेला, आणि स्वतःच्या घरात वीट लावायची ऐपत नसलेल्या लोकांनी पोरांसाठी विटेची खोली उभी केली. विटा आजच्यापेक्षा पातळ आणि रुंद, जोडाला चुना. भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या तळात एक पोर पाय मुडपून आरामात बसे. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून जोतं चांगलं कमरेइतकं उंच घेतलेलं. खिडक्या मात्र खाली, जमिनीवर बसलेल्या मुलाला बाहेरचा लिंब दिसावा अशा. हे कुणी ठरवलं असेल, कोण जाणे. ज्यानं ठरवलं त्याला मुलं ठाऊक होती आणि मुलांचा कंटाळाही.

दारावर कमान होती, भिंतीत पाट्या ठेवायला देवळ्या होत्या. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा होती, तिथून वारा यायचा आणि चिमण्याही यायच्या. दाराच्या उजवीकडे, बसल्यावर डोक्याच्या उंचीला, गिलावा गळून उघड्या पडलेल्या एका विटेवर बकरीच्या खुराचा ठसा होता. वीट कच्ची असताना तिच्यावरून कुणाची तरी बकरी चालत गेली असणार. आम्ही सगळ्यांनी त्या ठशात बोट घालून पाहिलेलं आहे. परीक्षेच्या दिवशी तर रांग लागायची.

चार वर्ग, चार रांगा आणि एक गुरुजी. पहिलीची पोरं बाराखडी म्हणत असताना चौथीची पोरं भागाकार करत, आणि दुसरीतल्या मला दोन्ही ऐकू येई. पुढे आयुष्यभर गोंगाटात वाचायची सवय लागली ती तिथेच. एप्रिलमध्ये बाहेर रस्त्यावरची धूळ पायाला चटके द्यायची आणि आत आलं की भिंतीला पाठ लावून बसावंसं वाटायचं, इतकी ती गार असे. पावसाळ्यात त्याच भिंतीला हात लावला तर हाताला पांढरी माती लागे. आई तो हात पाहून म्हणायची, "शाळा खाऊन आली का तू?"

ती माती पोताऱ्याची. आमच्याकडे पांढऱ्या मातीनं भिंत सारवतात त्याला पोतारा म्हणतात, आणि ज्या चिंधीनं सारवायचं तिलाही पोताराच. माती गढीच्या पायथ्याची आणायची, रात्रभर भिजत घालायची, सकाळी कालवून दुधासारखी पातळ करायची. पितृपक्ष आला, की घट बसायच्या आधी घराघरांत हे काम निघे. वाकळा नाल्यावर धुवायच्या, डबे घासायचे, भिंती पोतारायच्या. आणि घरं झाली की सर्वपित्रीच्या अलीकडच्या रविवारी शाळा. त्या काळी आमच्याकडे सोयाबीन नव्हतं. मूग-उडीद घरात आलेले असत, निंदण संपलेलं, कापूस अजून फुटायचा, ज्वारीचं कणीसही पोटऱ्यातच. पितरांच्या दिवसांत कुणाकडे लग्न नाही की सोयरीक नाही. वर्षभरात बायांच्या हातांना उसंत मिळायची ती तेवढीच, आणि त्या उसंतीत बाया शाळा पोतारायच्या.

शाळेच्या आतल्या भिंतींवर एकेका घराचा तुकडा ठरलेला असे. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत अमक्यांचा, कोपऱ्यापासून देवळीपर्यंत तमक्यांचा. कुठे रेघ मारलेली नव्हती, पण हातभर इकडेतिकडे झालं तर भांडण व्हायचं. आमच्या आईचा तुकडा उत्तरेच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली. ती पोतारा उजवीकडून डावीकडे फिरवी, शेजारीण खालून वर. वाळल्यावर कुणाचा हात कुठे संपला ते तिरप्या उन्हात स्पष्ट दिसायचं. आम्ही मुलं पाणी वाहायचो आणि फळा काळा करायचो. फळ्याचा काळा रंग म्हणजे टॉर्चच्या जुन्या सेलमधली काजळी आणि वालाच्या पानांचा रस. त्या हिरव्या-काळ्या लगद्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. दुपारपर्यंत सगळ्यांची तोंडं एकतर पांढरी नाहीतर काळी. मग शाळेच्या ओट्यावर बसून भाकर आणि ओल्या मिरचीचा ठेचा. ओल्या मातीचा, काजळीचा आणि ठेच्याचा मिळून एक वास होता. तो मला पुढे कुठल्याच शाळेत आला नाही, आणि मी पुष्कळ शाळा पाहिल्या.

आता मी काय केलं ते सांगते. लांबण लावण्यात अर्थ नाही.

सोयाबीन आलं आणि भादव्यातली उसंत गेली. सोंगणी, म्हणजे त्याची कापणी, नेमकी पितरांतच येऊ लागली. बाया पहाटे शेतात जात, संध्याकाळी अंगाला कुसळं घेऊन परत येत, आणि तरी त्या रविवारी वेळ काढून शाळेत जात. एका वर्षी मी नेमकी त्या दिवशी माहेरी होते. माझी वहिनी, सुमनवहिनी, कमरेवर हात ठेवून उत्तरेच्या भिंतीपाशी उभी होती. आईच्या मागे तो तुकडा तिच्याकडे आला होता. तिच्या बोटांना विळ्यानं चिरा पडलेल्या आणि त्या चिरांत पांढरी माती गेलेली. मला फार वाईट वाटलं. माझ्या मनात आलं, या बायकांना दरवर्षी हे का करावं लागावं? आपण शिकलेली, कमावती माणसं गावाबाहेर बसलो आहोत कशाला?

आमच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. त्यावर मी एक लांबलचक मजकूर लिहिला. शिक्षिकेचा हात, त्यात मराठीची. लोकांचे डोळे पाणावले. आपली शंभरी गाठलेली शाळा आपण एकदाच काय ती पक्की करून टाकू, म्हणजे पुन्हा कुणाला हात लावावा लागणार नाही, असं त्यात मी म्हटलं होतं. वर्गणी जमली. रिसोडचा मिस्त्री आला. जुना चुन्याचा गिलावा त्यानं खरडून काढला आणि आतून-बाहेरून सिमेंटचा चढवला, वर पुट्टी, वर गुलाबी ऑइलपेंट. शेणामातीची जमीन उकरून चकचकीत फरशी बसवली. भिंतींवर ससा, कासव, आगगाडी. त्या बकरीच्या ठशाची तेवढी मी आठवण ठेवली. तेवढी वीट उघडी ठेवून तिच्याभोवती सिमेंटची चौकट करा म्हटलं, आणि स्वतःच्या रसिकतेवर खूश झाले.

गावही खूश होतं, हे खोटं नाही. मिस्त्री खूश, सरपंच खूश. वाशिमहून रोज येणाऱ्या तरुण शिक्षिकाबाई तर हरखून गेल्या. वहिनीसुद्धा म्हणाली, "बरं झालं माय, हात सुटले." मला शाल आणि नारळ मिळाला, त्याचा फोटो काढला, आणि तो फोटो फ्रेम करून शाळेतच लावला, उत्तरेच्या भिंतीवर, खिडकीशेजारी.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात शिक्षिकाबाईंनी मला एक फोटो पाठवला. गुलाबी रंगाला फुगे आले होते. मी म्हटलं, रंग हलका असेल, पुन्हा मारून घेऊ. मारला. यंदाच्या पावसाळ्यात फुग्यांच्या जागी पांढरा खार फुटला. भिंतीवर टिचकी मारली की डबा वाजावा तसा आवाज येई. मग एका सोमवारी सकाळी शाळा उघडली तर दुसरीच्या रांगेत, मुलं बसतात तिथेच, पाटाएवढं सिमेंटचं ढेकूळ पडलेलं. रात्री कधीतरी पडलं असेल. त्या दिवसापासून मुलं मारुतीच्या देवळात बसतात. पंचायत समितीतून इंजिनिअर आले, त्यांनी भिंतीत किल्ली खुपसून पाहिली. वीट आतून ओली आणि भुसभुशीत. माणूस सज्जन होता. म्हणाला, उन्हाळ्यात पुन्हा येतो. भिंती वाळलेल्या दिसल्या तर खोली ठेवू, नाहीतर निर्लेखनाचा प्रस्ताव जाईल. निर्लेखन म्हणजे शाळा कागदावरून पुसायची आणि मग जमिनीवरून.

कारण समजायला मला वेळ लागला नाही, फक्त उशीर झाला. काळ्या मातीतली ओल सगळ्याच घरांत खालून वर चढते. ती आधी शेणामातीच्या जमिनीतून, पोताऱ्याच्या पातळ थरातून उडून जात होती. दरवर्षी थोडी माती तिच्याबरोबर गळायची, आणि दरवर्षी बाया ती पुन्हा भरून काढायच्या. मी खाली फरशी लावली, बाजूंना सिमेंट लावलं, वरून तेलाचा रंग दिला. ओलीला जायला वाट उरली नाही. ती विटेतच बसली आणि विटा खाऊ लागली.

मी सुट्टीत आल्यासारखी आले आणि इथेच राहिले. पाऊस उघडताच मिस्त्रीला बोलावलं. तोच मिस्त्री. तो म्हणाला, "म्याडम, तवाच सांगाचं ना." आता मला तरी कुठे माहीत होतं? छिन्नी-हातोडीनं सिमेंट काढायला सुरुवात झाली आणि मला दारातही बसवेना. सिमेंट एकटं निघत नाही. ते विटेचं तोंड घेऊन निघतं. एकेका घावाला लाल भुकटी उडायची. दाराच्या उजवीकडची चौकट काढताना बकरीच्या खुराची वीट कपचीसारखी सुटली आणि फरशीवर पडून तिचे तुकडे झाले. मिस्त्रीच्या लक्षातही आलं नाही. मी ते तुकडे गोळा केले, मग वाटलं, हे ठेवून काय करणार? देवघरात ठेवू? बाकीच्या राडारोड्यात टाकून दिले.

सगळ्यांत त्रास कशाचा झाला असेल तर मला कुणी बोल लावला नाही त्याचा. इंजिनिअर म्हणाले, जुनंच बांधकाम आहे, कधीतरी जाणारच. सरपंच म्हणाले, ताई, तुम्ही होत्या म्हणून एवढी वर्षं तरी निघाली. ग्रुपवर कुणीतरी रडका चेहरा आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. भाऊ म्हणाला, "तू कायले मनाले लावून घेतं? पाऊसच लय झाला यंदा." मीही एकदा-दोनदा मान हलवली. पाऊस खरंच फार झाला होता. मान हलवल्यावर रात्री जेवण गेलं नाही.

चाळीस मुलांच्या वर्गात कुणी काच फोडली तर मी शोधून काढायचे. उभं राहा म्हणायचे. उभं राहिलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर भीतीबरोबर एक सुटकाही दिसायची, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

फरशी निघाली, सिमेंट निघालं. तीन भिंतींना माती-भुशाचा गिलावा लागला आणि तो भादव्याच्या उन्हात वाळलाही. उत्तरेची भिंत सावलीतली. ती तशीच उघडी ठेवली, हवा लागावी म्हणून. आता तीन भिंतींना पोतारा द्यायला हवा होता, नाहीतर गिलावा भुरभुरणार. पितर सुरू झालेले, सोंगणी ऐन भरात. बायांचा एक दिवस बुडवणं मला बरं वाटेना. म्हणून बचत गटाच्या ग्रुपवर मी निरोप टाकला, रविवारी शाळेच्या पोताऱ्याला या, सोंगणीच्या मजुरीचा जो रोज असेल तो प्रत्येकीला मिळेल.

निरोप सगळ्यांनी पाहिला, उत्तर एकीनंही दिलं नाही. रस्त्यात भेटल्या तर बाया गोड बोलायच्या, तब्येत विचारायच्या, आणि शाळेचा विषय निघाला की शेताकडे बोट दाखवून निघून जायच्या.

शुक्रवारी दुपारी मी वहिनीला चहा घेऊन शेतात गेले. ती एकटीच धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या कडेचं सोंगत होती, डोक्याला ओढणी बांधून. विळा बाजूला ठेवून तिनं बशीत चहा ओतला. मी म्हटलं, "वयनी, एकीनंही उत्तर दिलं नाही हो मला."

"काय उत्तर देतीन थ्या? रोज देतो म्हनलं तुमी."

"सोंगणी सोडून यायचं, त्यांचं नुकसान नको म्हणून म्हटलं."

"बाई, घरच्या चुलीले पोतारा द्याचे कोनी पैसे मांगते का?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी रोज लावला, मंग थे काम झालं. कामाले सोयाबीन हायेच की."

शेंगा तडतडत होत्या. तिनं बशी पालथी करून थेंब झटकला.

"आन तवा तुमी आमाले सुट्टीच देल्ली होती," ती म्हणाली. "पक्कं केलं, आता तुमचं काम नाई म्हनलं."

"पण तुम्हाला बरं वाटलं होतं ना? हात सुटले म्हणाल्या होत्या."

"हो, वाटलं. पह्यल्या दिशी वाटलं. मंग पितर आले, थो रविवार आला, अन मी घरात बसून राह्यली. आपलं आता तिथं काय काम?" ती विळ्याच्या पात्यावरची माती अंगठ्यानं काढत होती. "बाई, मी शाळेत गेली नाई कधी. माह्या बापानं धाडलंच नाई. लगन होऊन इथं आली, तवापासून वर्सातून थो एक दिवस शाळेत जात होती. सासूबाई पोतारा देत, मी माती कालवून देत होती, अन भितीवरचे अक्षरं पाहत होती. पोरायले इचारत होती, हे काय रे, थे काय रे. सही करतो ना मी आता बचत गटात? थे सु अन थे म अन थे न, तिथूनच उचललं. तुमच्या भावानं नाई शिकवलं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, भावानंच शिकवलं असेल. खरं तर तसंही वाटत नव्हतं. मी कधी विचारच केला नव्हता. मी मराठीची शिक्षिका. दर उन्हाळ्यात, दर दिवाळीत या घरी येत होते, वहिनीच्या हातची भाकर खात होते, आणि ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासत होते. ती समोरून अंगण झाडत जायची. तिला अक्षरओळख आहे का, हा प्रश्न मला पडला नाही. तिच्या बोटांच्या चिरा तेवढ्या दिसल्या, आणि त्या बुजवायला मी सिमेंट आणलं.

त्या रात्री ओसरीवर पडल्या पडल्या मला गावातल्या एकेका बाईचा तुकडा आठवू लागला. कोण कुठल्या देवळीपाशी वाकलेली असे, कुणाचा हात कसा फिरे. त्यांतल्या किती जणी शाळेत बसल्या होत्या? बोटावर मोजण्याइतक्या. बाकीच्यांना त्या खोलीत पाऊल टाकायला वर्षाकाठी तो एक रविवार होता. मुलाच्या तक्रारीसाठी बोलावलं तर बाप जायचा, झेंड्याला पुरुष जायचे. बायांना आत जायला हातात मातीचं टोपलं लागायचं. आपण एखादी गोष्ट जपायची म्हणतो तेव्हा आधी तिला हात लावू नका म्हणतो. या बायांनी ती खोली जपली होती ती हात लावून लावूनच. मी भिंत पक्की केली म्हणजे त्यांना तिच्यापासून लांब केलं. विटा कुजल्या ते नंतर.

शनिवारी मी ग्रुपवरचा निरोप काढून टाकला. दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. वहिनीलाही काही म्हटलं नाही. संध्याकाळी ती घरात नव्हती. आली तेव्हा पदराला गढीची माती लागलेली होती. मागच्या अंगणात तिनं घमेल्यात माती भिजत घातली आणि वर गोणपाट झाकलं.

रविवारी सकाळी ती ते घमेलं डोक्यावर घेऊन निघाली. सरळ शाळेकडे जायचं सोडून तिनं लांबचा रस्ता धरला, वेशीपासून खालच्या आळीपर्यंत, प्रत्येक दारावरून. कुणाला हाक मारली नाही, कुणाशी बोलली नाही. नुसती चालत गेली. मी चार पावलं मागे, हातात रिकामी बादली. एका दारात एक म्हातारी दात घासत बसली होती. तिनं वहिनीच्या डोक्यावरचं घमेलं पाहिलं, चूळ भरली आणि आत ओरडून सुनेला म्हणाली, "उठ वो, शाळेचा पोतारा निंघाला!" पुढच्या दारातून एक विळा घेऊन शेतावर निघालेली बाई परत आत गेली. माझ्या लक्षात आलं, या दिवसाची दवंडी अशीच असायची. लहानपणी मी आईच्या मागोमाग गेले होते, पण मला कधी कळलंच नव्हतं की आई नुसती चालत नसे, बोलावत असे.

ऊन कौलांवर येईपर्यंत शाळेत दहा-बारा जणी जमल्या होत्या. वहिनीनं घमेल्यातली माती माझ्या बादलीत ओतून पाण्यात कालवली होती. सगळ्या आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांनी आधी भिंतींकडे पाहिलं. तोंडं गेलेल्या विटा, उकरलेली जमीन, उत्तरेची ती ओली लाल भिंत. सुट्टी असूनही वाशिमहून आलेल्या शिक्षिकाबाई ओढणी खोचून उभ्या होत्या, देवळापाशी खेळणारी चार मुलंही पळत आली होती. तुकडे विसरले गेले असतील असं मला वाटलं होतं. पण प्रत्येक बाई आपल्या जागी जाऊन उभी राहिली. वहिनीची जागा मात्र उघड्या भिंतीवर होती. त्या भिंतीला यंदा पोतारा द्यायचा नव्हता. ती हात पुसत मधोमध उभी राहिली.

मला ते पाहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बायांनो, हे माझ्यामुळे झालं. पाऊस नाही, जुनं बांधकाम नाही. मी सिमेंट लावायला लावलं. चुकलं माझं."

"नाई वो ताई, असं कायले म्हनता?" कोपऱ्यातून एक म्हणाली.

"तुमी चांगल्याच साठी केलं होतं."

"आमी बी खुश झालतो की तवा."

दात घासणारी म्हातारी म्हणाली, "देवाची करनी बाई, तुमी काय करसान?"

सगळ्या बोलत होत्या. त्या मला सोडवत होत्या, पण सुटका काही होत नव्हती. मी भिंतीकडे वळले. विटेला हात लावून पाहिला. बोटं ओली झाली.

वहिनी माझ्याजवळ आली. तिनंही भिंतीला तळवा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो बाई. चुकलंच तुमचं. आमाले इचाराचं होतं."

कुणीतरी दबक्या आवाजात "सुमन" म्हणून तिला टोकलं. ती वळलीसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली.

"आता रडू नका," वहिनी म्हणाली. "हे भित वाळन तवा वाळन. बादलीतली माती खाली बसून राह्यली, थे हालवा पह्यले."

मी बाह्या वर केल्या आणि बादलीत कोपरापर्यंत हात घातला.